सात वाटा, एक ठिपका

"तुमचा विश्वास बसणार नाही, पण केसाएवढ्या काचेच्या तारेत उजेडाला धावायला सात वाटा बसवणाऱ्या माझ्या लेकीला अक्कल मी शिकवली!" डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघता बघता, तारा जोडण्यात जन्म घालवलेल्या म्हाताऱ्याने शेजारच्या शिक्षिकेपाशी सुरुवात केली.

"काहीतरीच काका! केसात सात वाटा?"

"मोजून सात! पण दोन तारा जोडताना एक जरा फिरली, की हिची पहिली वाट तिच्या तिसरीला भिडते. पोर रडकुंडीला आली. म्हटलं, बये, कडेला एक ठिपका ठेव. ठिपक्यासमोर ठिपका आणला, की सातही वाटा समोरासमोर!"

"ठेवला तिने?"

"न ठेवून सांगते कुणाला? आता परदेशात असते, पण रोज संध्याकाळी फोन. 'बाबा, हे जमेल का? बाबा, ते बघा ना!' मीच म्हणतो, पुरे गं, घास तरी गिळू दे."

"मग आज ऑपरेशनला येईलच."

"निघालीच होती हो! मीच दटावलं, काम टाकून यायचं नाही."

शिक्षिका जरा घुटमळली.

"काका, मघाशी खिडकीवर घरच्यांचा फोन नंबर मागितला, तेव्हा मी तुमच्या मागेच उभी होते. 'लेकीने नंबर बदललाय, नवा मला दिलेला नाही,' असं म्हणालात तुम्ही."