दहाबचा सूर्यास्त

समुद्रकाठच्या दहाबला, कैरोच्या बसच्या रांगेत इनासबाईंच्या मागे दोन तरुण उभे होते. बाईंनी मान वळवली नाही. कान मात्र मागेच ठेवले.

"काय रे शिहाब, समुद्र सोडून अचानक कैरोला?"

"आई येतेय तिथल्या घरी. मी रोजा धरतो की नाही, ते डोळ्यांनी बघणार म्हणे."

"तू तर रोज धरतोस!"

"अरे, काल मीटिंग चालू होती. इथली अजान झाली आणि मी कॅमेऱ्यासमोरच खजूर तोंडात टाकला."

"मग बिघडलं काय?"

"कैरो पडलं पश्चिमेला, तिथे सूर्य अजून बुडायचा होता! अख्खं ऑफिस उपाशी, आणि मी आपला चघळतोय."

"मेलास! तुमच्याकडे घरून काम म्हणजे कैरोतल्याच घरून ना?"

"तेच तर! त्यात साहेब म्हणजे सख्खा मामा. दहाबला आहे म्हटलं असतं, तर नोकरीच गेली असती."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, मामा, आज रोजा धरलाच नाही."

"या अल्ला! भडकला असेल."

"भडकला, आईला फोन लावला. पण शेवटी डोळे पुसत म्हणाला, 'पोरा, दुसरा कुणी असता तर थाप मारून मोकळा झाला असता. तू निदान खरं तरी बोललास!'"