व्हिडिओतल्या बाई

मला एक सांगा, सुईत दोरा ओवायला पासवर्ड लागतो का हो? नाही ना? मग! एवढंच म्हटलं मी आमच्या शाळेत, तर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मशिनीच विकून खाल्ल्या! तुम्हाला सांगते, एकवीस वर्षं झाली मला शिवणकाम शिकवायला. एक खोली, सहा पायमशिनी, त्यातली एक कुरकुरते, एक फक्त माझ्याच पायाला दाद देते... आणि सातवीची चौतीस पोरं. शिकवायची पद्धत म्हणाल तर एकच. पुढे उभं राहायचं, कापड हातात धरायचं आणि म्हणायचं, "इकडे बघा." बघतात. झालं!

तर आमच्या मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी मला बोलावलं आणि चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, कुणावर तरी गदा येणार. म्हणाल्या, "बाई, सोमवारी तपासणीचे साहेब येतायत. ज्या विषयाचा एकही डिजिटल पाठ नाही, तो वेळापत्रकातून बंद. तुमची खोली कॉम्प्युटरला जाईल."

मी म्हटलं, "अहो, पण व्हिडिओ कशाला? मी समोरच उभी असते की!"

"तेच तर," म्हणाल्या, "त्याला पुरावा काय?"

पुरावा! एकवीस वर्षं उभी राहून माझे गुडघे गेलेत, त्यांचा एक्स-रे घरी कपाटावर पडलाय, तो आणू?... पण हे मी मनातल्या मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, "बरं."

मग आमचे कॉम्प्युटरचे सर आले. मुलगा गुणी हो, फक्त बोलतो असा की पाठीमागे कुणाची तरी गाडी सुटतेय. "बाई, टेन्शन नाही, फोन असा टेकवायचा, हे लाल दाबायचं, बोलायचं, पुन्हा लाल दाबायचं, समोरचा कॅमेरा लावलाय, म्हणजे तुमचं तुम्हाला दिसेल, चला येतो!" आणि गेलासुद्धा! फोन रिळांच्या डब्याला टेकवलेला, आणि त्यात मी. तुम्हाला खरं सांगते, आपण एवढ्या दमलेल्या दिसतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाठ कुठला? तर प्रयोगशाळेच्या एप्रनला छातीवर खिसा लावणे. छातीवरचा खिसा डावीकडे असतो, हे तुम्हाला माहीत, मला माहीत. मी एप्रन धरला, खिसा टाचला, आणि घाबरून काय बोलत गेले? "हा असा... इथे... आणि मग असा." डावं नाही, उजवं नाही, नुसतं इथे आणि असा! पण चेहरा हसरा ठेवला. शेवटी नमस्कारही केला, फोनला.

शुक्रवारी तो वर्गात लावायचा होता. सहा मशिनींवर सहा टॅब ठेवले, पोरं आळीपाळीनं बसायची. आणि मोठ्या बाईंची सक्त ताकीद, "मुलं आपली आपण शिकतील. तुम्ही मध्ये बोलायचं नाही." म्हणून मी कुठे? तर दाराबाहेर स्टुलावर! आतून माझाच आवाज, "इथे... असा..." आणि बाहेर मी बटणं निवडत बसलेय. अहो, मी समोर उभी असते की! मला हाकलून मलाच आत लावलंय!

दोन तासांनी आत गेले. चौतीस पोरं, चौतीस एप्रन, एकूण एक खिसा उजव्या छातीवर!

एक मुलगी आहे, आम्ही तिला वकीलबाई म्हणतो, कारण सांगायलाच नको. म्हटलं, "अगं, खिसा डावीकडे ना!"

"नाही बाई. व्हिडिओत उजवीकडेच आहे. बघा."

"अगं, पण मी सांगतेय ना! मी समोर उभी आहे की!"

"तुम्ही नाही हो बाई," ती म्हणते, "व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं. आणि त्या ओरडत नाहीत. आणि त्यांना थांबवता पण येतं."

मी टॅब बघितला. खरंच की! मी हसतेय, नमस्कार करतेय, आणि खिसा उलट्या बाजूला! सरांना पकडून आणलं. ते म्हणतात, "हां, समोरचा कॅमेरा आरशासारखा असतो ना बाई, डाव्याचं उजवं दिसतं. सेटिंग राहिलं वाटतं. पण त्यानं कुणाचं काही बिघडत नाही."

"अहो, माझे चौतीस खिसे बिघडले!"

उसवायचं म्हणाल, तर नव्या कोऱ्या कापडाला सुईची भोकं दिसतात. शनिवार-रविवार मी त्या खोलीचाच विचार केला. सहाव्या मशिनीच्या जागी कुठला कॉम्प्युटर ठेवतील, इथवर.

सोमवारी साहेब आले. पोरं एप्रन घालून ओळीनं उभी. साहेब म्हणाले, "खिशात पेन्सिल ठेवा, काढा." आणि तुम्हाला सांगते, तेहतीस पोरांची तेहतीस कोपरं वर! उजवा हात उजव्या खिशात घालायचा म्हणजे काय सोपं आहे? करून बघा. अख्खा वर्ग पंख झटकायला लागला! मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"खिसा या बाजूला का?" साहेबांनी विचारलं.

मी सांगणार, तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी, वर्गात फारशी न बोलणारी, तिनं शांतपणे डाव्या हातानं पेन्सिल ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. म्हणाली, "साहेब, मी डावखुरी आहे. माझा हात पहिल्यांदाच सरळ खिशात जातोय."

एकवीस वर्षांत किती डावखुरी पोरं माझ्या हाताखालून गेली असतील हो... कधी विचारलंच नाही मी.

साहेबांचा चेहरा उजळला. "वा! प्रत्येक मुलाचा विचार! कुठे आहे तो पाठ?"

लावला. मला राहवेना. खोटं श्रेय पचत नाही मला. पुढे होऊन म्हटलं, "साहेब, खरं म्हणजे तो उलटा..."

"श्श!" साहेब म्हणाले. "बाई बोलतायत."

"अहो, मीच ती बाई! मी समोर उभी आहे की!"

"थांबा हो, ऐकू द्या!"

थांबले. काय करणार? संपल्यावर त्यांनी नमस्कार केला. टॅबला!

माझा तास राहिला, खोली राहिली, कुरकुरणारी मशीनसुद्धा राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तो व्हिडिओ बावीस शाळांना पाठवला, आणि नऊच्या आत तिथल्या शिवणाच्या बाईंचे पाच फोन आले की खिसा नक्की उजवीकडेच ना, आणि मी पाचही जणींना हो म्हणून सांगितलं.