लाल दोरी

शिरवळच्या स्टँडवर वाईच्या एसटीची वाट बघत शिवांजली मांडीवरच्या बाळाला थोपटत होती. शेजारी कंपनीचे निळे कोट घातलेल्या दोघी येऊन टेकल्या, तरणी मंगल आणि थोरली तानुबाई.

“मंगल, माफी मागून मोकळी हो बाई. नवा सायब लय तापट हाय.”

“कशाची माफी, मावशी? राणीचा हातमोजा पट्ट्यात गेला, मी दोरी वढली, मशीन थांबलं. पोरीची बोटं वाचली.”

शिवांजलीच्या बोटाभोवती बाळाची मूठ होती. तिनं ती सोडवली नाही.

“त्यो म्हनतो, आधी सुपरवायझरला इचारायचं.”

“बोटं इचारून अडकत्यात व्हय? आवं, जुन्या सायबांनी दोरी लावली तवा काय म्हनलं हुतं? जिला धोका दिसंल तिनं वढायची, मलासुदीक इचारू नका.”

“ते गेलं बदलून. ह्यानं दोरी गुंडाळून पार वर बांधलीया. आपला हात पोचत न्हाई आता.”

“म्हनून तर हे आनलंय.”

मंगलनं पिशवीतून जुन्या लुगड्याचा लांबलचक लाल काठ काढला.

“आगं बया! ह्यो दोरीला बांधनार?”

“उद्या सकाळी, स्टुलावर चढून. त्याच्या डोळ्यांदेखत.”

“आन् कामावरनं काढलं म्हंजी?”

“काढू दे की. काठ तर हाताशी ऱ्हाईल न्हवं, तुमच्या समद्यांच्या?”

एसटी लागली. तानुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

“त्ये स्टूल डुगडुगतं, आन् तुजं वजन काय कमी हाय? एकटी चढू नगंस. मी धरते.”