मागं कोण बोलतंय?

...आणि वर मोबाईलवर आमच्या गाण्याखाली लिहितोय काय, तर "ह्या गाण्यात भूत हाय." आता मला सांगा पावणं, भूत कधी संगीत नाटकातलं पद म्हणतंय का? आणि म्हणलंच समजा, तर गाणाऱ्याच्या आधी एक ओळ म्हणंल व्हय? भुताला काय पाठांतर असतंय? बरं लिहिणारा कोण, तर नाव न्हाय, गाव न्हाय, फोटोच्या जागी वाघाचं तोंड. आणि खाली तेवीस जणांनी अंगठं दाखवल्यालं. म्हंजे तेवीस माणसांना पटलं. आणि ते भूत हितं तुमच्यासमोर बसलंय... अण्णाप्पा, वय सदुसष्ट, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीतनं रिटायर. मी त्यावर काय बोललो? काय न्हाय.

बसा की, घाई काय हाय. पहिल्यापासनं सांगतो, त्याबिगार कळायचं न्हाय.

आमची नाटक मंडळी हाय, हौशी. दिवसभर बँकेत, शाळंत, औषधाच्या दुकानात, आणि संध्याकाळी राजपुत्र आन राजकन्या. 'संगीत केवडामहाल', अठरा पदं, एकोणीस वर्षं करतोय आमी. त्यात मी प्रॉम्प्टर. म्हंजे विंगेत वही घिऊन हुभारायचं आणि वरचा माणूस अडला की त्याला ओळ द्यायची, अशी द्यायची की त्याला जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार न्हाय. तुम्हाला सांगतो, त्यो आवाज काढायला मला चार वर्षं लागली. का? तर दिवसभर फौंड्री. तिथं भट्टी, कॉम्प्रेसर, ग्राइंडर, शेजारच्याला 'पाणी दे' म्हणायचं तर गळ्याच्या शिरा फुगायच्या. आठ तास वरडायचं आणि संध्याकाळी यिऊन कुजबुजायचं. मधला आवाज असतोय बघा, माणसं घरात बोलत्यात त्यो... त्यो मला कधी लागलाच न्हाय.

आता नियम काय, तर माणूस विसरला तरच ओळ द्यायची. पण आमच्यात काय झालं, एकदा कळलं की अण्णाप्पा देतोय, मग पाठ कशाला करायचं? त्र्यंबकराव आमचे दिग्दर्शक, रिटायर हेडमास्तर, पासष्टीत बावीस वर्षांचा राजपुत्र करत्यात. पहिल्या वर्षी दोन ओळी विसरायचे, आता दोन आठवत्यात. आमची नायिका मैथिली बँकेत असती, गळा म्हणाल तर ऐकत बसावं असा, पण शब्द? एक न्हाय. सगळी मंडळी तोंड उघडून माझ्याकडं बघत हुभी, मी ओळ द्यायची, मग ती गायची, आणि मधल्या फटीत पेटीवाला कायतरी वाजवून वेळ काढणार. स्पर्धेत एका परीक्षकांनी लिहून दिलंय, "या मंडळींच्या गायकीत एक वेगळाच ठहराव आहे." ठहराव कसला, माझी ओळ यायची वाट बघत्यात.

तर ह्या वर्षी टूम निघाली, सगळी पदं रेकॉर्ड करायची, नाटकातल्याच माणसांच्या आवाजात, आणि मोबाईलवर टाकायची, जगानं ऐकू दे. राजारामपुरीत उन्मेषचा स्टुडिओ हाय, तिथं गेलतो सगळी. उन्मेष म्हणला, "काका, आत फक्त गाणारे आणि वाजवणारे." बरं म्हणलं. बाहेर चपलांच्या रॅकशेजारी स्टुलावर बसलो, वही मांडीवर. आत पेटी सुरू झाली, तबला सुरू झाला आणि... शांत. परत पेटी. परत शांत. चारदा झालं. मग त्यांच्या हातात कागद दिलं, तर त्र्यंबकराव कागद वाचून गायला लागलं ते बातम्या दिल्यागत व्हायला लागलं. शेवटाला उन्मेषच बाहेर आला, घाम पुसत. "काका, चला आत. तुमचा आवाज मी नंतर काढतो." मग काय, मागं हुभारलो आणि अठराच्या अठरा पदं दिली ओळीनं. त्याला वाटलेलं काढता येईल. पण माईक एकच, आणि माझा आवाज असा की भिंतीला पाझर फुटल्यागत बारीक, पण पोचणारा. पाडव्याला टाकायचं ठरलेलं, गडबडीत तसंच गेलं.

खाली सगळ्यांची नावं हायत. पेटी, तबला, चहापान. रंगभूषेचंबी हाय... रेकॉर्डिंगला रंगभूषा. माझं तेवढं न्हाय.

आणि मग मतं सुरू झाली. एक बाई गगनबावड्याच्या, त्यांनी लिहिलंय, "आमच्याकडे रेंज कमी असल्याने दोनदा ऐकू येतंय असं वाटलं, तीनदा मोबाईल बंद करून चालू केला." कागलचा एकजण म्हणतोय, "कानात बिघाड झाला समजून डॉक्टरकडं जाऊन आलो, कान चांगला निघाला." एकानं तर कौतुक केलंय की ह्यांच्यात एका डेटात गाणं दोनदा ऐकाय मिळतंय. आमच्या कोपऱ्यावर आकारामची चहाची गाडी हाय, त्यानं स्पीकरवर लावलेलं, आणि मी समोर बशीतनं चहा पितोय, आणि मलाच सांगतोय, "अण्णा, बाई नाद खुळा गातीया, पर त्यो मागचा मास्तर कोण हाय? पोरांस्नी पाढं सांगितल्यागत चाललंय त्याचं." मी काय बोललो? चहा चांगला झालाय म्हणलो.

पण खरं सांगू? मला बरं वाटत हुतं. रोज सकाळी चष्मा घालून एकशेबारा मतं वाचायचो, पहिल्यापासनं. एकोणीस वर्षं ज्यो आवाज कुणाला जाऊ नये म्हणून मी मर मर मेलो, त्यो पहिल्यांदा कुणीतरी ऐकला हुता, शिव्या घालत का हुईना. घरात कोण हाय ऐकायला? शिवगंगा, माझी बायको, तिला जाऊन चार वर्षं झाली. ती हुती तवा तीच बोलायची, मी 'हूं' म्हणायचो, भागायचं. आता सकाळी दूधवाल्याला 'अर्धा' म्हणतो, त्यानंतर थेट संध्याकाळी तालमीत तोंड उघडतंय. आठवड्याला दोन तालमी. बाकीचं पाच दिवस तुमीच धरा हिशोबात.

आणि एक दिवस त्र्यंबकरावांनी तालमीनंतर थांबवून घेतलं. "अण्णाप्पा, लोकांची मतं तुम्ही वाचली असतीलच. उन्मेष म्हणतो, आता नवीन यंत्रणा आली आहे, मागचा आवाज नेमका पुसता येतो. पण तुम्ही हो म्हणालात तरच. एकोणीस वर्षांचा संबंध आहे." मैथिली म्हणाली, "काका, मला तर राहावा असंच वाटतं हो, पण बँकेत सगळे हसतात." आणि मग सगळी गप्प झाली, तोंड उघडून माझ्याकडं बघत, कायमची सवय. आता हितनं पुढची ओळ माझी हुती. आणि मला सुचंना. मला कोण देणार वो ओळ?

म्हणलं, पोरीला इचारून सांगतो.

सौंदर्या माझी लेक, हुबळीला दिल्या. दर रविवारी फोन करती, सगळं भराभरा इचारती, गोळ्या, दूध, गॅस. तिला वीस दिवसामागं पाठवलेलं हे रेकॉर्डिंग, काय उत्तर न्हाय आलेलं. मी मनात ठरवलं, तिनं 'राहू दे अप्पा' म्हणलं तर राहू द्यायचं, मग वाघ काय लिहू दे न्हायतर हत्ती लिहू दे. फोन आला. गोळ्या झाल्या, दूध झालं. मी म्हणलं, ते गाणी ऐकलीस काय? "ऐकली की अप्पा, स्वयपाक करता करता लावलेली. मैथिलीअक्का काय गातात. पण अप्पा, मागं कोण म्हातारा बोलतोय सारखा? त्याला काढा की. सगळ्या गाण्याचा इस्कोट केलाय त्यानं."

मी म्हणलं, व्हय... सांगतो त्यांना.

"जेवलासा काय?" म्हणली. जेवलो म्हणलं.

आता तुम्ही म्हणाल, पोरीला बापाचा आवाज कळला न्हाय? तिचा काय दोष हाय त्यात? मी फौंड्रीतनं घरात आलो की त्याच पट्टीत वरडायचो, 'पाणी दे' म्हणलं तर शेजारची खिडकी लावायची. ती आणि तिची अव्वा, शिवगंगा, हसायच्या. तिचा अप्पा म्हंजे त्यो आवाज. हळू बोलणारा बाप तिनं बघितलाच न्हाय, त्यो सगळा मी विंगेत दिऊन टाकला, दुसऱ्यांच्या तोंडात. वाईट वाटलं पावणं. खोटं कशाला सांगू, लई वाईट वाटलं. त्या दिवशी भाकरी तशीच ठिवली.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांना म्हणलं, पुसा. उन्मेषनं पुसलं. पोरगं हुशार हाय, ठिपका ठिवला न्हाय माझा. नवीन रेकॉर्डिंग चढलं आणि लोकांची मतं काय वर्णावी... "आता कसं स्वच्छ." "आता खरी मजा आली." ते वाघाचं तोंड परत आलं, "भूत गेलं" म्हणून, त्याला एक्केचाळीस अंगठं. फक्त गगनबावड्याच्या त्या बाईंनी लिहिलं, "गाणी गोड आहेत, पण हे लोक प्रत्येक ओळीआधी थांबतात का?"

थांबणारच की. आवाज पुसला, जागा कशी पुसणार? ती तशीच राहिल्या, माझ्या मापाची.

आता मी काय करतो सांगू? कुणाला बोलू नका. दुपारी जेवण झालं की मोबाईल पाटावर ठिवतो आणि लावतो. पेटी वाजती, मग फट येती. मी माझा म्हणतो, "सात पायऱ्या उतरून आले, आठवीला तू उभा." की लगेच मैथिली म्हणती, तेच, जसंच्या तसं. त्र्यंबकराव म्हणत्यात. मागनं सगळी मंडळी म्हणती, तबल्यासकट. अठरा पदं, तास-सव्वा तास, एकजण उलटं बोलत न्हाय, एकजण 'हळू बोला' म्हणत न्हाय, आणि मी गप्प बसलो तर तेबी गप्प, वाट बघत.

आता सांगा पावणं, तुमच्या घरात ऐकतंय का कोण तुमचं एवढं?