मुंडावळ्या बांधलेला बादशहा

मंडळी, आधी एक विचारतो, मग कथेला लागू. एखादी वस्तू खरी कुणाची? जो ती ओळखतो त्याची, की जो तिला जपतो त्याची? घाई नको. घाईनं उत्तर देणारे पुढच्याच रांगेत बसलेत, मला दिसतायत!

लातूरला अंबादासराव चौसाळकर म्हणून एक गृहस्थ. औषधाचं दुकान. माणूस सज्जन, पण नाद एकच – जुनी नाणी. त्यातही रोमची! म्हणाल, कुठं रोम, कुठं लातूर? अहो, दोन हजार वर्षांमागं आपल्याकडचं कापड जहाजानं तिकडं जायचं आणि तिकडची नाणी इकडं यायची. अशी अकरा नाणी रावांनी जमवलेली. पण वहीच्या पानाला कप्पे बारा! दात पडला की जीभ सारखी त्या खिंडारातच जाते ना? तसं रावांचं झालं.

कळलं, की तेरणेकाठच्या एका गावात कोंडाबाई कुंभारणीकडं तसलं नाणं आहे. राव तिच्या दारात हजर. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, देवीचा टाक – चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, घरातल्या गेलेल्या माणसांचेही करतात, तुमच्याही घरी असतील – आणि शेजारी हळदीनं माखलेलं ते नाणं. रावांनी वाकून पाहिलं. रोमचा बादशहा! तोंड एका बाजूला वळलेलं, डोक्याला पानांची माळ, तिची फीत मानेवर सुटलेली.

"मावशी, हा कोण?"

"ह्यो माझा सोपान," कोंडाबाई म्हणाली. "तीस वर्सं झाली, हळद लागली आन दुसऱ्या दिशी तापानं गेला. त्याचा टाक करायची ऐपत नव्हती. मालकास्नी माती खणताना ह्यो घावला. बघा की दादा, मुंडावळ्या हायत."

रावांनी पुढं केलेला हात मागं घेतला. पण रिकामा कप्पा गप्प बसेना. म्हणाले, "मावशी, हा परदेशातला राजा आहे. सोपानचा खरा टाक मी चोख चांदीत घडवून देतो. हा मला द्या."

शिकलेल्या माणसापुढं बाई दबली. तिनं नाणं देव्हाऱ्यातून उचललं. मग म्हणाली, "परका हाय म्हणता? मग न्या. त्याची बी आई वाट बघत असंल."

हसू नका, मंडळी. ती मनापासून बोलली.

घरी येऊन रावांनी नाणं कोमट पाण्यात सोडलं. पाणी पिवळं झालं. तीस वर्षांची हळद ती! ती निघाल्यावर दिसलं, राजाचं नाक झिजून सपाट झालंय. रोज अंगठा फिरला की चांदीसुद्धा झिजते. रावांनी नाणं बाराव्या कप्प्यात सरकवलं. पान भरलं. आणि पान भरलं तरी मन काही भरेना.

आठवड्यानं टाक घेऊन गेले. सोनारानं बाशिंगासकट नवरदेव उठवला होता. कोंडाबाईनं त्याला हळद लावली, उजेडात धरून पाहिलं.

"लई देखणा हाय. पर दादा, ह्यो सरळ माझ्याकडं बघतोय."

"मग?"

"सोपान लाजाळू हुता. लग्नाचं काढलं की त्वांड फिरवून बसायचा. त्या नाण्यात आगदी तसाच बसला हुता."

तक्रार नव्हती हो त्यात. तक्रार असती तर रावांनी सहन केली असती. नाण्यावरचा राजा बाजूनंच का दाखवतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्या वळलेल्या तोंडात एका आईला काय दिसतं, हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. उंबऱ्यावर बसून ते माणसासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी नाणं परत आलं. रावांनी स्वतः बोट हळदीत बुडवलं आणि त्या राजाच्या कपाळाला लावलं. म्हणाले, "मावशी, चूक माझी. हा तुमचाच."

आजही त्या वहीत बारावा कप्पा रिकामा आहे. त्यात एक चिठ्ठी – 'रोमन दिनार. नाव सोपान. मुक्काम आईजवळ.' आणि कुणी पाहायला आलं, की राव आधी तोच कप्पा दाखवतात.

आता मघाचा प्रश्न. उत्तर मी देणार नाही. घरी जा आणि आपापली कपाटं उघडा. भावाच्या वाटणीचं, बहिणीच्या हौसेचं, सुनेच्या माहेरचं – 'त्यांना काय त्याची किंमत' म्हणून जे ठेवून घेतलंत, त्यात कुणाचा सोपान तोंड फिरवून बसलाय का, ते पाहा. सापडला, तर उद्या नेऊन पोचवा. मग देवापुढं हात जोडा. तोवर त्यानंही तुमच्याकडं सरळ का बघावं?