मधेच दिलेली दाद

दुबईतली इटालियन गायनस्पर्धा संपली आणि अल नहदाला जाणाऱ्या बसच्या रांगेत उभ्या सुदेशच्या अगदी पुढ्यात एका मराठी कुटुंबाचं भांडण पेटलं.

"त्या मुलाचं गाणं चालू असताना 'क्या बात है' म्हणून ओरडलात? सगळा हॉल वळून बघत होता!"

"अगं, इटलीत ऑपेराला लोक पूर्वी असेच मधेच ओरडायचे. तेच गाणं पुन्हा गायला लावायचे. परंपरा आहे ती."

"परंपरा गेली खड्ड्यात! परीक्षक समोर बसले होते."

"सूर काय लागला होता त्याचा! राहवलंच नाही."

"बाबा, आय सँग द सेम साँग."

"हो, वैभवी. छान गायलीस."

"यू वेअर क्वाएट."

बाबा मान वळवून बस येतेय का ते बघू लागले.

"आता का गप्प? ओरडा ना!"