वाफेच्या न्हाणीतलं ऑफिस

...आणि स्वतःच्या हातांनी बांधलेल्या वाफेच्या न्हाणीत शिरायला मी परवानगी मागायची, हा कुठला न्याय, तुम्हीच सांगा. माती मी तुडवली, दगड मी पाठीवर आणले, दर शनिवारी ते दगड तापवायचे, वर पाणी मारायचं आणि वाफेत गुडघे शेकत बसायचं हा माझा नेम. आता आत कोण, तर माझी नात एउलालिया. मांडीवर लॅपटॉप, कानात बोंडं. मी दारातून नुसतं डोकं घातलं की, "ताता, हळू. मी ऑफिसात आहे."

ऑफिस म्हणे. ऑफिस राजधानीत, इथून आठ तासांवर. गरोदर बायांसाठी झटणारी संस्था आहे. आमची पोरगी घरबसल्या आमच्या माम भाषेत निरोप बोलते, ते या डोंगरातल्या आठशे फोनांवर जातात. आणि बोलायला जागा न्हाणीचीच, का, तर भिंती हातभर जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही. रेंजसाठी दुसरा फोन छपरावर काठीला बांधलाय. कोंबडा बहिणीकडे धाडला. मी खोकलो की निरोप पुन्हा पहिल्यापासून... तुम्हाला सांगतो, या वयात मी अंगावरच्या पोंचोत तोंड खुपसून खोकतो.

निरोप काय, तर, "ताई, डोकं ठणकलं, पाय सुजले, अंगावरून रक्त गेलं, तर थांबू नकोस, दवाखाना गाठ." तीन महिने पाठवला. एकही बाई दवाखान्यात आली नाही. लॅपटॉपच्या काचेतून राजधानीची साहेबीण म्हणते, "एउलालिया, मागे मारिंबाची धून वाजवूया का, जरा गोड?" वाजवला मारिंबा. तरी कोणी नाही. "महिनाभर बघू, नाहीतर मामचे निरोप बंद करू."

पोरीनं तोर्तियाला, मक्याच्या भाकरीला, हात लावला नाही. म्हटलं, नोकरीचं एवढं काय? तर म्हणते, "नोकरीचं नाही, ताता. बासिलियाचे पाय बघितलेत?"

बघितले होते. भिंतीपलीकडच्या देसिदेरिओची सून. आठवा महिना, आणि पाय असे फुगलेले की चपला हातात घेऊन पाणी भरत होती.

मग मात्र मी गुडघ्यांवर रांगत आत शिरलो. पोरगी म्हणाली, "ताता, हळू, मी ऑफिसात..." म्हटलं, असशील. मग काचेकडे वळून, अहो साहेबीणबाई, फोन कोणाचा? बासिलियाचा? तिचा नवरा उसाच्या तोडीला गेलाय, घरात फोन एकच, तो देसिदेरिओच्या झोळीत. तो ऐकतो "ताई", म्हणतो बायकांचं काहीतरी, आणि पुसून टाकतो. जा म्हणून जिला सांगता, तिनं जायचं की नाही ते ठरवणारा दुसराच आहे.

साहेबीण काचेजवळ सरकली. मग म्हणाली, "मग त्याला काय सांगायचं, फोर्तुनातोबाबा?"

आता मला काय कळतंय सांगायचं कसं ते. पण त्या दगडांशेजारी बसलो होतो ना... तोंडातून निघालं. म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वी ही न्हाणी मीच पेटवली होती, माझ्या बायकोसाठी, कातारिनासाठी, बाळंतपणानंतरच्या पहिल्या अंघोळीला. पोर झाली, रक्त थांबेना. गावात ट्रक एक. आभाळ भरून आलेलं, मका वावरात. माझा बाप म्हणाला, आधी मका जाऊ दे, ट्रक परत येईल तेव्हा बघू. मी हो म्हणालो. बाप नव्हे, हो मी म्हणालो. मका सगळा कोरडा राहिला. कातारिना गेली तेव्हा हे दगड अजून गरम होते.

एउलालियाची आई म्हणजे तीच पोर. तिलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. आणि एरवी शिंकलो तरी गप्प करणारी ही नात, त्या दिवशी हळू म्हणाली नाही. आवाज टिपणारं यंत्र चालूच ठेवलं होतं तिनं.

तिसऱ्या दिवशी देसिदेरिओ भिंतीवर. "काय रे म्हाताऱ्या, सकाळी सकाळी माझ्या झोळीतून का बोलतोस?"

"ऐकलंस?"

"अर्धंच." मग हातातली टोपी फिरवत म्हणाला, "पिकअप किती वाजता जाते खाली?"

"सहाला. पण ती आत्ताच खालच्या वाटेला तोंड करून उभी आहे. मका भरायचाय का तुला?"

टोपी डोक्यावर चढवली. सुनेला घेऊन गेला. डॉक्टरनं म्हणे त्याला विचारलं, इतके दिवस कुठे होतात. बरं झालं विचारलं.

मुलगी झाली. बासिलिया परत आली, पण देसिदेरिओची न्हाणी भूकंपात बसलेली, म्हणून तिची पहिली अंघोळ आमच्या इथे. लॅपटॉप बाहेर, लाकडं आत. पेटवली मीच. तिनं पाणी मारल्याचा आवाज मी बाहेर ओंडक्यावर बसून ऐकला... असो. धूर फार होता.

मग विचार केला, दगड गरम आहेतच, आता आपले गुडघे. कपडे काढणार, तेवढ्यात एउलालिया, "ताता, साहेबीणबाईंना तुमच्या आवाजात अजून दहा निरोप हवेत."

तर सध्या असं आहे. शनिवार येतो, शनिवार जातो, गुडघे तसेच. मी थंड न्हाणीत तोंडाशी फोन धरून बसतो, आणि देसिदेरिओ भिंतीवरून हाका मारतो, कॉफी झाली, ये. आणि मला, फोर्तुनातोला, माझ्याच न्हाणीतून कुजबुजावं लागतं,

"हळू रे. मी ऑफिसात आहे."